धाकल्याची कौलं

घरात बसून सोनुबाईनं इरलं पांघरलं होतं.

इरलं ही शेतातली वस्तू. लावणीला वाकलेल्या बाईच्या पाठीवर शोभणारी. कामट्यांचं, पळसाच्या पानांचं ते जुनं इरलं कित्येक वर्षं माळ्यावर धूळ खात पडलं होतं. सुंदरानं ते ओढून काढलं, झटकलं आणि सासूच्या पाठीवर ठेवलं. ऐंशी पावसाळे पाहिलेली, कमरेतून मोडलेली सोनुबाई खाटेवर बसून आपल्याच घरात पावसापासून अंग चोरत होती. वर छप्पर नव्हतं. वर नुसतं आभाळ होतं, भिजल्या घोंगडीसारखं जड.

"सुंदरे, मी शेतात हाय का घरात गं?" म्हातारीनं विचारलं. तिला फारसं दिसत नव्हतं. उजेड आणि अंधार तेवढा कळायचा.

"घरात हाव आई. जरा कौलं हाललीत."

"हाललीत? आगं, तोंडावर पाणी पडतंय माज्या."

सुंदरानं खताची रिकामी गोणी फाडून सासूच्या पायांवर टाकली.

वादळ बुधवारी दुपारी आलं. न सांगता आलं असं नव्हतं. दोन दिवस मोबाइल ओरडत होते. पण समुद्र लांब, मधे एवढे डोंगर. म्हणून लोधिवलीच्या वरच्या अंगाला असलेल्या या गावानं गुरं आत बांधली, दारं लावली आणि गाव जेवायला बसलं. तीनच्या सुमाराला डोंगराकडून असा आवाज आला, जणू कुणी खडीचा डंपर गावावर ओततंय. मग विजेचे खांब वाकले. शेवग्याची झाडं मुळासकट आडवी झाली. पत्र्याच्या घरांचे पत्रे उडून ओढ्यात गेले. आणि सोनुबाईच्या थोरल्या लेकाच्या, नागूच्या घराची वाऱ्याच्या बाजूची कौलं सुकल्या पानांसारखी उचलली, अंगणात आली, फुटली. ती कौलं ज्यांच्यावर टेकलेली असतात त्या रिपा आतून कुजल्या होत्या. कुजलेल्या रिपेनं कौल सोडलं, एका कौलानं दुसरं सोडलं. पलीकडच्या अंगाला गुरं दाटली होती, तिकडं खाट मावत नव्हती.

त्या रिपा दर मे महिन्यात बदलल्या जायच्या. यंदा बदलायला कुणी आलं नव्हतं. आणि का आलं नव्हतं, ते नागूला ठाऊक होतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी नागू येसाजीच्या अंगणात जाऊन उभा राहिला. येसाजी शेजारचाच, वयानं दहा वर्षांनी मोठा. तो आपल्या गोठ्याचा पडलेला वासा उचलत होता.

"येसादादा, जरा हात लावशील का रं? आढ्याखालचा लाकडी टेकू सरकलाय. मला एकट्याला रेटत नाय."

येसाजीनं वासा खाली टाकला. हात झटकले. "माजं मी उचलतोय ते दिसत नाय तुला?"

"दिसतंय. तुजं झाल्यावर ये."

"माजं व्हायला आमचा नवीन पायजे होता." येसाजी म्हणाला. "तरणाताठा पुतण्या. पर त्याला तू बांबूच्या पलीकडनं माघारी धाडलास. कायदा म्हणालास. आता बोलव त्या कायद्याला वासा धरायला."

नागूनं मान खाली घातली. अंगणात पाणी साचलं होतं, त्यात त्याला स्वतःचं तोंड दिसलं. त्यानं नजर काढून घेतली.

"आन् नवीनला धाडलास त्याचं येवढं नाय रं," येसाजी आता हळू बोलला. "दुसऱ्या दिवशी तू सख्ख्या भावाला धाडलास. ते बघून माजी बायको रडली. नवीनला धाडलं तवा नाय रडली."

चैत्रातली गोष्ट. करोनाच्या भीतीनं गावानं तोंडाशी बांबू आडवे बांधले होते. बांबूंच्या पुढं दहा पावलांवर चुन्याची रेघ मारली होती. बाहेरून येणाऱ्यानं रेघेपलीकडं थांबायचं. राखणीच्या पाळ्या लावल्या होत्या. नागूची पाळी होती त्या दिवशी सकाळी नवीन आला. नागूनं त्याला परत पाठवला. गावच्या कमिटीनं नागूच्या पाठीवर थाप मारली. दुसऱ्या दिवशी दुपारी, ऊन डोक्यावर असताना, रस्त्यावरून तीन माणसं येताना दिसली. पुढं पुरुष, डोक्यावर बॅग. मागं बाई. मधे एक पोर, एका पायात चप्पल, एका पायाला फडकं बांधलेलं.

मोरू होता. नागूचा धाकटा भाऊ. कळव्याला छापखान्यात कामाला होता. छापखाना बंद, खोलीवाल्यानं खोली रिकामी करायला सांगितली, म्हणून बायकोला आणि लेकीला घेऊन दोन दिवस चालत आला होता.

बांबूमागं गाव जमलं. गाव नागूकडं बघत होतं. येसाजीही बघत होता.

"मोरू, तितंच थांब," नागू म्हणाला होता.

"थांबतो दादा. आमी गोठ्यात राहू. चौदा दिस बाहेर येणार नाय."

"नाय जमणार रं."

"दादा, आई हाय ना बरी?"

"बरी हाय. तू जा."

समीक्षानं पाणी मागितलं होतं. नऊ वर्षांची पोर. नागूनं कळशी भरून आणली, चुन्याच्या रेघेवर ठेवली आणि दहा पावलं मागं सरकला. तो सरकल्यावर ती पुढं आली. तिनं कळशीला तोंड न लावता वरून धार धरली. तोंडात थोडं गेलं, बरंच फ्रॉकवर सांडलं. मग ती तिघं वळली आणि आली तशी गेली. ती गेल्यावर गावच्या कुणीतरी ती कळशी काठीनं ढकलून ओढ्यात टाकली. कळशी नागूच्या घरची होती. सोनुबाईच्या लग्नातली.

म्हातारीला सांगितलं, लोकल बंद हाय. लोकल चालू झाली की मोरू येईल.

वादळानंतरच्या त्या सकाळी येसाजीनं शेवटी येऊन टेकू रेटायला हात लावला. काम झाल्यावर चहा न घेता गेला. जाताना म्हणाला, "लाकूड उभं केलं. वर चढणारा माणूस तूच शोध. कौलावर पाय ठेवायचं तुजं काम नाय."

ते खरं होतं. नागूच्या पायाखाली कौल फुटायचं. वडिलांनी दोघांनाही शिकवायला घेतलं होतं. पाय कुठं टाकायचा, खाली रीप कुठं आहे ते टाचेला कसं कळतं, अंगाचा भार कसा सोडून द्यायचा. नागू चढला की काड्कन आवाज यायचा आणि वडील खालून शिवी द्यायचे. मोरू चढला की आवाजच यायचा नाही. म्हणून दर वर्षी मे महिन्यात मोरू आठ दिवसांची रजा टाकून यायचा. सगळी कौलं उतरवायची, पुसायची, कुजकी रीप काढून नवी मारायची, वळचणीपासून आढ्यापर्यंत परत चढवत न्यायची. याला कौलं चाळणं म्हणतात. गावात एकेक करून पत्रे आले, स्लॅब आले. चाळायला येणारी माणसं गेली. सोनुबाई मात्र पत्रा घालू देत नव्हती. म्हणायची, पत्र्याखाली झोपलं की पाऊस डोक्यात वाजतो.

*

तिसऱ्या दिवशी नागू चौक गावच्या बाजारात गेला. पायीच. रस्त्यावर दर शंभर पावलांना झाड आडवं. कुणी कोयत्यानं फांद्या तोडत होतं, कुणी नुसतं बघत उभं होतं. लोधिवलीत पिठाच्या गिरणीपुढं रांग होती, पण वीज नव्हती. लोक उगाच पिशव्या ठेवून बसले होते.

"कशाची वाट बघता रं?"

"विजेची."

"कधी येनार?"

"पंधरा दिस म्हणतात. मंग बसल्याशिवाय काय करायचं? घरी बायको इचारते, गेला होतास का. आता म्हनता तरी येईल, गेलो होतो."

चार माणसं हसली. नागूलाही हसू आलं, आणि लगेच छपराशिवाय बसलेली आई आठवली.

चौकला दुकानं अर्धी शटर टाकून होती. मेणबत्त्या संपल्या होत्या. खिळे संपले होते. ताडपत्री तर सकाळी सातलाच संपली होती. हार्डवेअरवाला प्रवीण शटरखाली वाकून बसला होता, नाकावर रुमाल.

"पत्रे?" नागूनं विचारलं.

"काका, पत्रे नाव काढू नका. गाडी कधी येईल मला ठाऊक नाय. आली तरी आधी नावं लिवलेली हायत."

"कौलं?"

प्रवीण हसला. "आता कौलं कोन इकतो? कौलाचं घर कुठं हाय तुमचं?"

"वर. लोधिवलीच्या वर. आई उघड्यावर हाय. ऐंशीची हाय."

प्रवीणचं हसू गेलं. तो आत गेला. सिमेंटच्या गोण्या ज्यावर झाकल्या होत्या ती निळी ताडपत्री ओढत बाहेर आला. सुरीनं मधोमध कापली. "घ्या. निम्मी. गोण्या आता चारच राहिल्यात, त्यांना निम्मी बास. भोकं हायत दोन-तीन, चिकटपट्टी लावा. आन् कौलाचं म्हणाल तर जुन्या हायवेला तो बंद धाबा हाय ना, त्याच्या मागं कौलं रचलेली हायत. शेठनं धाब्यावर पत्रा टाकला तवा उतरवलेली. राखायला एक माणूस ठेवलाय. मुंबईवाला हाय, बायकापोरांसकट राहतो मागच्या खोल्यांत. त्याला इचारा."

नागू ताडपत्री खांद्यावर टाकून निघाला. धाब्याचा फलक वाऱ्यानं उलटा लटकत होता. मागं दोन खोल्यांची कौलारू पडवी होती. पुढच्या खोलीत चूल धुमसत होती. चुलीपुढं एक बाई पाठमोरी बसली होती. नागूनं हाक मारण्याआधी ती वळली.

माधवी होती. मोरूची बायको.

तिनं पदर तोंडावर ओढला. उठून मागच्या खोलीत गेली. मग मोरू बाहेर आला. दाढी वाढलेली, गालाची हाडं वर आलेली. त्यानं गळ्यातला रुमाल नाकावर चढवला.

"तितंच थांबा," तो म्हणाला.

नागू थांबला. मोरू त्याला जन्मात कधी 'तुमी' म्हणाला नव्हता.

"मला वाटलं तू भिवपुरीला गेलास. सासरवाडीला."

"तितं बी बांबू होता."

रस्त्यावरून रुग्णवाहिका गेली. दोन महिने. दोन महिने हा इथं होता, सात-आठ किलोमीटरवर, आणि घरी आई लोकलची वाट बघत होती.

"कशाला आलात?"

खांद्यावरची ताडपत्री नागूनं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "कौलं बघायला."

"कुठली बाजू गेली?"

"उगवतीची. सगळी."

"रिपा कुजल्या होत्या. मागच्या साली मी म्हनलो होतो, एक वरीस निघंल. दुसरं नाय." मोरूनं कौलांच्या ढिगाकडं पाहिलं, मनात मोजलं. "आई कुठं हाय?"

"घरातच. इरलं घेऊन बसलीय."

तेव्हा मात्र मोरूचा चेहरा हलला. रुमालावरचे डोळे हलले. तो पाठ फिरवून काही वेळ ढिगाशी उभा राहिला, एक कौल उचललं, बोटानं वाजवून पाहिलं, ठेवलं.

"शेठला फोन लावतो. तो न्या म्हनंल, त्याला ही जागा पाडायचीच हाय. प्रवीणचा टेंपो मिळंल. उद्या येतो." मग म्हणाला, "पर आईला सांगायचं नाय मी हाय म्हनून."

"का रं?"

"ती इचारंल इतके दिस कुठं होतास. मंग मी काय सांगू? तुमचं नाव सांगू?"

नागूनं मान हलवली. ती होकाराची होती की कशाची, त्यालाही कळलं नाही. निघताना आतून पोरीचा आवाज आला. "बाबा, कोन हाय?"

"कुणी नाय. कौलवाला."

*

चौथ्या दिवशी गावाच्या तोंडाशी टेंपो आला तेव्हा बांबू नव्हते. वाऱ्यानं नेले होते. चुन्याची रेघ पावसानं धुतली होती. तरी मोरू टेंपोतून उतरला आणि नेमक्या त्या जागी थांबला. नागूनं "ये" म्हटल्यावर पुढं आला. येसाजी ओट्यावर उभा होता. त्यानं मोरूकडं पाहून नुसता हात वर केला. मोरूनंही हात वर केला.

सुंदरानं खुणेनंच दिराला नमस्कार केला. तिचे डोळे भरले होते, पण म्हातारी आत जागी होती.

काम सुरू झालं. आधी कुजक्या रिपा उपटल्या. नवं लाकूड मिळत नव्हतं, म्हणून पडलेल्या शेवग्याच्या मागं पडलेला बांबू चिरून रिपा केल्या. खिळे नव्हते, जुने वाकडे खिळे दगडावर ठोकून सरळ केले. ते काम सुंदरा करत होती. एकदा हातोडी अंगठ्यावर बसली, तिनं अंगठा तोंडात घातला आणि दुसऱ्या हातानं पुढचा खिळा उचलला. मोरू वर होता. अनवाणी, लुंगी वर खोचलेली. नागू शिडीवर उभा राहून एकेक कौल वर द्यायचा. नागू कौलाच्या एका टोकाला धरायचा, मोरू दुसऱ्या टोकाला. दिवसभरात शेकडो कौलं या हातातून त्या हातात गेली, पण हाताला हात एकदाही लागला नाही. मोरू लागू देत नव्हता.

"पानी?" नागूनं विचारलं.

"बाटली हाय माज्याकडं."

दुपारी म्हातारीनं आतून विचारलं, "नागू, वर कोन चढलंय रं?"

"लोधिवलीचा गवंडी हाय आई."

"हळू चालतो."

"व्हय."

"एक बी कौल फुटलं नाय."

वर मोरूचे हात थांबले होते.

संध्याकाळच्या आत निम्मी बाजू झाकली आणि कौलं संपली. मोरूनं ढिगाचा अंदाज बांधला होता, पण आतली बरीच फुटकी निघाली. उरलेल्या निम्म्या भागावर, नेमकी म्हातारीच्या खाटेवरच, निळी ताडपत्री बांधली. तिच्या भोकांतून चिकटपट्टी सुटून येत होती.

"उद्या अजून आणतो," मोरू म्हणाला.

"अजून हायत तितं? ढीग तर संपला ना रं?"

"हायत थोडी."

*

पाचव्या दिवशी मोरू टेंपोत कौलांमधेच बसून आला. ही कौलं सुंदरा उतरवून घेत होती. तिच्या तळव्यांना काळं लागलं. तिनं पदराला पुसलं, परत लागलं. कौलं आतल्या बाजूनं काजळीनं माखली होती. काजळी जुनी नव्हती. बोट फिरवलं की निघत होती, ओलसर, कालच्या धुराच्या वासाची.

तिनं नवऱ्याला खुणेनं बोलावलं. "हे बगा. ही ढिगातली नायत. ही चुलीवरची हायत."

नागूला पुढची खोली दिसली. धुमसणारी चूल, चुलीपुढं पाठमोरी बसलेली माधवी, आणि तिच्या डोक्यावरचं छप्पर. तो शिडीपाशी गेला.

"मोरू. ही कौलं कुठली रं?"

"पडवीची. पाडायचीच हाय ती."

"पाडायची हाय ना? अजून पाडली नाय. तुमी राहताय तितं."

"मागची खोली हाय. तिगांना पुरते." मोरूनं वरून हात पुढं केला. "द्या. आभाळ भरलंय."

नागूनं कौल दिलं नाही. ते हातात धरून तो शिडीवर उभा राहिला. काजळी त्याच्या बोटांना लागत होती. इर्शाळगडाचा सुळका ढगात गेला होता आणि खालून शेतांवरून गार वारा येत होता.

"द्या म्हनतो ना," मोरू हळू म्हणाला. "म्हातारी भिजंल."

नागूनं कौल दिलं. मग दुसरं दिलं. मग देतच राहिला.

ताडपत्री सोडली. कौलांची ओळ आढ्याकडं सरकत चालली तसा घरातला उजेडाचा चौकोन लहान होत गेला. आधी खाटेएवढा होता. मग सुपाएवढा. सोनुबाई त्या उजेडात बसली होती. इरलं तिनं बाजूला ठेवलं होतं. मान वर करून ती कान देत होती. आणि मग, कुणाला काही न विचारता, तिनं जात्यावरच्या जुन्या सुरात ओवी धरली. आवाज फाटका होता. सूर जाग्यावर होता.

घराला माझ्या बाई, दोही अंगांनी वळचण
थोरला माझी सावली, धाकला माझी राखण

सुंदरा हातातला खिळा तसाच धरून उभी राहिली. म्हातारी श्वास घ्यायला थांबली. मग परत गाऊ लागली, आता अगदी वरच्या भोकाकडं तोंड करून.

पाऊल वाजलं गं, माझ्या कौलाच्या माथ्याशी
बाळ उन्हात उभा, त्याला सावली द्यावी कशी

वर एकच कौल लागायचं राहिलं होतं. मोरू गुडघ्यावर बसला होता, कौल छातीशी धरून. त्या भोकातून त्यानं खाली पाहिलं. रुमाल नाकावरून खाली घसरला होता. त्यानं तो वर चढवला नाही. म्हातारीला काय दिसलं असेल कोण जाणे. आभाळापुढं एक काळा आकार, एवढंच. तिनं हात वर केला. बोटं हवेत फिरवली, जशी गालावरून फिरवतात.

मोरूनं कौल बसवलं. उजेडाचा तुकडा तिच्या तोंडावरून गेला.

तो शिडीनं उतरला नाही. नागू शिडीशी उभा होता म्हणून मागच्या बाजूनं, वळचणीवरून, पेरूच्या फांदीला धरून उतरला. कौलं चाळून झाली की वर चढलेल्याला घरात पाटावर बसवायचं, त्याच्या पुढ्यात नारळ फोडायचा, तांदळाची भाकरी आणि वालाची उसळ वाढायची, अशी घरची रीत होती. सुंदरानं सकाळीच वाल शिजवले होते. पाट मांडला होता.

"भावजी, चार घास," ती मागच्या दारात येऊन कुजबुजली. "तुमाला माजी शपथ."

"वहिनी, घरात गेलो तर आई हात धरंल. मंग सुटायचं नाय." मोरूनं हात धुतले, अंगणातल्या डबक्यातच. "डब्यात द्या. समीला आवडतात वाल."

तिनं डबा भरला. देताना ती पुढं आली, तो मागं सरकला नाही. डबा त्यानं तिच्या हातातूनच घेतला. तेवढंच.

टेंपो गेला. पाऊस आला.

असा आला की अंगण दिसेनासं झालं. नागू आणि सुंदरा आत उभी राहून वर बघत होती. कौलांवर पाऊस वाजत होता, पत्र्यावर वाजतो तसा नाही; दुरून कुणी तांदूळ पाखडतंय तसा. एक थेंब आत आला नाही. सुंदरानं नारळ तसाच देवापुढं ठेवला.

सोनुबाई खाटेवर कुशीला वळली होती. नागूला वाटलं, झोप लागली.

"नागू."

"काय आई?"

"मोरू झोपतो तितं गळतं का रं?"

नागू जमिनीवर बसला. लोकलचं जुनं कारण त्यानं काढलं नाही. म्हातारीनं अंधारात चाचपडत हात पुढं केला. तो त्याच्या डोक्यावर टेकला आणि तिथंच राहिला. तिनं परत विचारलं नाही.

थोड्या वेळानं तो उठला. निळी ताडपत्री कोपऱ्यात पडली होती. भोकं पडलेली, निम्मी कापलेली. त्यानं ती घडी केली, खांद्यावर टाकली. सुंदरानं इरलं पुढं केलं. "हे घ्या तरी." त्यानं घेतलं नाही.

चौकपर्यंत पावसातून चालायला दोन तास लागले. धाब्याच्या मागं आला तेव्हा उजेड अजून होता. पुढच्या खोलीवर आता नुसते वासे होते. चूल विझून तिच्यात पाणी भरलं होतं. मागच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं आणि दारात समीक्षा उभी होती, हातात डब्याचं झाकण. त्यात दोन वाल होते.

"समी," नागू म्हणाला. तो पुढं जायला निघाला.

"तितंच थांबा काका," पोर म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला तसंच ठाऊक होतं. माणसं भेटली की असंच करायचं असतं.

"बाबा झोपलेत. त्यांचे पाय दुखतात. काय आनलंय?"

"ताडपत्री. चुलीवर बांधायला."

"खाली ठेवा. मंग मागं सरका."

नागूनं ताडपत्री चिखलात ठेवली. मग तो मागं सरकू लागला. एक पाऊल, दोन पावलं. पाऊस डोळ्यांत जात होता. पोर मनातल्या मनात मोजत असावी, तिचे ओठ हलत होते. दहा पावलं झाली तेव्हा ती झाकण उंबऱ्यावर ठेवून पावसात आली, दोन्ही हातांनी ताडपत्री उचलली आणि ती जड निळी घडी छातीशी धरून घरात गेली.

नागू तिथंच उभा राहिला.